बाल्तासारला होणारा त्रास

२ मे, सकाळ
नोंद राहावी म्हणून लिहून ठेवतो : माझा आंघोळीचा निळा टॉवेल काल माझ्या संमतीशिवाय एका परक्या मांजरीच्या अंगावरून फिरवण्यात आला आणि नंतर आमच्या बोक्याच्या, बाल्तासारच्या, नाकाखाली धरण्यात आला. वासाची ओळख म्हणे. मी आज भांडी पुसायच्या फडक्याने अंग पुसलं. माणूस चिलीतल्या वाल्पाराइसोत बावीस वर्षं संसार करतो, दर आठवड्याला पुण्याच्या पेपराला बातमीपत्र धाडतो, आणि अंती त्याच्या वाट्याला फडकं.

कारण : उतारावरच्या शेजारीण दोन्या (म्हणजे बाई) ओर्तेन्सिया मुलाकडे उत्तरेला राहायला गेल्या. तिथे मांजर चालत नाही. माझ्या बायकोने, हिमेनाने, मला न विचारता हो म्हटलं. मी म्हटलं, हे घर आहे की धर्मशाळा? ती म्हणाली, धर्मशाळेतले लोक आपली ताटली तरी उचलतात, चिरी. (श्रीधरचं तिच्या जिभेवर चिरीच झालं, पुढे सरकलं नाही.)

मला स्वतःला काही नाही. काळजी बाल्तासारची. प्रौढ बोका, एकटा वाढलेला, मनाने फार हळवा.

३ मे
पद्धत ठरली. नवी मांजर (नाव दोमितिला, आकार पावाएवढा) शिवणाच्या खोलीत. दार बंद. दाराच्या अलीकडे-पलीकडे एकाच वेळी दोन बश्या. सवय झाली की दार बोटभर उघडायचं, मग वीतभर. घाई केली तर जन्माचं वैर. सूत्रं मी हाती घेतली आहेत, किल्ली खिशात. हिमेना म्हणाली, त्या दाराला कुलूपच नाही, ही किल्ली माळ्याची आहे. असो. खिशात किल्ली असली की बरं वाटतं.

५ मे
बाल्तासार खिन्न. निम्मी बशी टाकली. त्याला रॉकेलच्या शेगडीसमोर (इथे मे म्हणजे थंडीची सुरुवात) मांडीवर घेतलं, धीर दिला. तुझी जागा कोणी घेत नाही, म्हटलं. हिमेना म्हणाली, दुपारी मासेवाल्याकडे मुंडकी हाणून आलाय तो, भूक कुठून असणार? या बाईला मन म्हणून काही वाचता येत नाही.

८ मे, ओन्सेचा (इथला संध्याकाळचा) चहा झाल्यावर
पावावर पाल्ता, म्हणजे अवोकाडो, थापता थापता हिमेना बंद दाराला म्हणाली, काय गं माझी रेगालोना!

रेगालोन म्हणजे घरातला सर्वांत लाडावलेला जीव. ते पद बाल्तासारचं आहे. बाल्तासार यायच्या आधी ते दुसऱ्या कोणाचं होतं, तो विषय इथे नको. मी शांतपणे व्याकरण सांगितलं. संस्कृतात तमप् प्रत्यय लागला की वाद संपला. दोन श्रेष्ठतम म्हणजे एकही नाही. ती म्हणाली, माझ्या आईला सहा मुलं, सहाही रेगालोन. तू पाव खा.

१२ मे
दार बोटभर उघडण्याचा दिवस. पुढे ढकलला. हवा ढगाळ.

१३ मे
पुढे ढकलला. बाल्तासारची शेपटी मला ठीक वाटली नाही.

१४ मे
बाल्तासार सकाळपासून शिवणाच्या दाराशी पडून आहे. पहारा! हाक मारली. कान हलवला, उठला नाही. पहारेकऱ्याने जागा सोडू नयेच. दाराखालच्या फटीतून एक इवलासा पंजा बाहेर येतो, हा त्यावर आपला पंजा ठेवतो. बहुधा दाबून धरत असावा.

१६ मे
निश्चय : दोमितिलासाठी दुसरं घर शोधायचं. बाल्तासारच्या हितासाठी. हिमेना बाजारात गेल्यावर दोन्या ओर्तेन्सियांना फोन केला. म्हटलं, जमत नाहीये. त्यांनी विचारलं, का रे बाबा, माझी पोर रडते का? नाही, म्हटलं. मग तुमचा बोका रडतो? मी मोघम उत्तर दिलं. मग रडतंय कोण, त्यांनी विचारलं. लाइन खराब होती. ठेवला.

१९ मे, दुपार
भूकंप. मोठा नव्हे, पेले वाजले, दिवा डुलला. अशा वेळी इथल्या माणसाचा हात आपोआप दाराकडे जातो, चौकट वाकून दार अडकू नये म्हणून. मीही आता इथलाच. धावलो आणि घरातली सगळी दारं सताड उघडली. सगळी. शिवणाच्या खोलीचंसुद्धा. बोटभर नाही, वीतभर नाही.

मग शेगडी विझवून खुर्चीत बसलो. हादरा बसला की बाल्तासार माझ्या स्वेटरात शिरतो, हा आमचा रिवाज. स्वेटर वर धरून बसलो. घर थांबलं तरी धरूनच होतो.

हिमेनाने शिवणाच्या खोलीतून हाताने खुणावलं. खाटेखाली बाल्तासार. पोटाशी दोमितिला. तो तिचं डोकं चाटत होता. हिमेना म्हणाली, हेच का रे तुझं जन्माचं वैर? मी म्हटलं, धक्क्याचा परिणाम आहे. उतरेल.

२१ मे
उतरला नाही. एकाच बशीत जेवतात. मराठीत द्विवचन नाही, स्पॅनिशमध्येही नाही. संस्कृतात ते कशाला ठेवलंय हे शाळेत कोणी नीट सांगितलं नव्हतं. मार्जारौ. दोघंच. तिसऱ्याला आत शिरायला जागाच नाही.

मांडीवर बोलावलं. आला. तिकडून म्याव झालं, गेला. पँटवर केस राहिले. तांब्याच्या भावांवर लिहायला बसलो होतो, ते राहिलं.

२४ मे
मांडीवर सुका मासा ठेवून बसलो. दोघं आली, खाल्लं, दोघं गेली.

२६ मे
ओन्सेला हिमेना सहज बोलली, बिचारा, इतकी वर्षं एकटा होता रे. मी म्हटलं, एकटा कसा? मी होतो की. ती हसली, माझ्या कपात चहा ओतला आणि म्हणाली, हो रे, पण तेव्हा त्याला दुसरं होतं कोण?

ती मांजराबद्दल बोलत होती. पाल्तावर मीठ भुरभुरवलं आणि उद्या काय आणायचं ते सांगत बसली.

बाल्तासारला काही त्रास नाही. कधी नव्हताच. आम्ही भेटलो त्या वर्षी हिमेनाची आई नुकतीच गेली होती, भावंडं दक्षिणेला पांगली होती, आणि या टेकडीवर तिच्याशी बोलायला कोणी नव्हतं. मग मी आलो. दुसरं कोणी असतं तर तिने मला घेतलं असतं का, हे तिला विचारायची मला भीती वाटते.