मार्थाबाईचा डबा

मार्थाबाईले दामिनीचा नमस्कार,

हे पत्र बाबानं लिहाले लावलं.

लॉकडाऊनमध्ये शाळा बंद होती, तेव्हा तुमी चर्चकडून दर बुधवारी आमच्या गावी यायच्या. तलावाच्या पाळीवर आमा पोरायले दूर दूर बसवून गाणे शिकवायच्या. जाताना घरोघरी खिचडीचा डबा द्यायच्या. पयल्या दिवशी बाबा म्हणाले, "बाई, आमी देव बदलत नाई."

तुमी म्हणाल्या, "देवाजीभाऊ, मी खिचडी आणली, देव नाई."

बाबानं डबा घेतला. पण कोणाचं भांडं रिकामं परत करू नये, म्हणून त्यात सुकट भरून दिली. पुढं दर बुधवारी तसंच. मंग तुमच्या खिचडीले सुकटीचा वास यायचा. अजून ते गाणे गुणगुणले का मले तो वास येते.

दुसऱ्या लाटेत बाबाले ताप आला, तेव्हा तुमी डबा फाटकावर ठेवला आन् दुरूनच हाक मारली. मंग तुमी आल्याच नाई. डबा आमच्याकडं राह्यला. बाबा दर उन्हाळ्यात जुनी सुकट काढून त्यात नवी भरते.

काल म्हणे, "दामिनी, बाईले लिही. डबा घेऊन जा म्हणा."

बाई, बाबाले ताप आला त्याच महिन्यात तुमी करोनानं गेल्या, हे मले तुमच्या चर्चच्या माणसानं मूल गावच्या बाजारात सांगितलं होतं. बाबाले मी सांगितलं नाई. पत्र टाकलं काय, बाबा विचारन, तर मी हो म्हणीन. खरं सांगितलं, तर यंदा बाबा सुकट कोणासाठी वाळवन?

तुमची,
पाळीवर सगळ्यात मागं बसणारी
दामिनी