बारीक जेटची गाडी

ती. बाबा,

इतक्या उंचावरून वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. जेवण वेळेवर, पांघरूण जाड. आईचे गुडघे कसे आहेत? तिला इथपर्यंतच वाचून दाखवा.

इथे हवा विरळ. आपल्याकडची गाडी वर आली की धापा टाकते, काळा धूर ओकते. पेट्रोल तेवढंच आणि हवा कमी! मग कार्बोरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा जेट काढून बारीक भोकाचा बसवायचा. दिवसभर माझं तेच काम.

माझ्याही गाडीला गॅरेजच्या शेठनी बारीक जेट लावायला लावला आणि जुना, बाकी सगळ्या जुन्यांसारखाच, स्वतःच्या खिशात टाकला. घरी जातो म्हटलं की हसतात, "जा की, गाडी तुझीच आहे!" उतरताना हवा दाट होत जाणार, पेट्रोल कमी पडणार, इंजिन तापून घाटातच जाम होणार, हे त्यांनाही ठाऊक. बस तर इथवर येतच नाही.

तुमच्या सुट्या भागांच्या डब्यातला मोठा जेट पाठवा. इथे येणारं टपाल शेठच फोडतात, म्हणून तो स्वेटरच्या काठात शिवा. आईला म्हणावं, पोराला थंडी वाजते. टाके मात्र तुम्हीच घाला. तिच्या हाती दिलंत, तर स्वेटरआधी तीच इथे येऊन पोचेल.

तुमचा,
धापा टाकणारा धाकटा