हातमोजेवाल्यांची वंशावळ

अण्णा,

सर्वप्रथम एक गंभीर तक्रार नोंदवून घ्यावी. आपल्या घराण्याच्या कुळवृत्तांताला तुम्ही जे खाकी कव्हर घातलंत, त्याची खळ सुटली आहे. मिरजेत ती चाळीस वर्षं टिकली. इथे कॅनडात, व्हिटबीत, हिटिंगच्या कोरड्या हवेत, सहा हिवाळ्यांत तिने मान टाकली. बेसमेंटमध्ये ग्रंथ उघडला की कार्पेटवर भुगा पडतो आणि तुमची सून व्हॅक्यूम घेऊन मागे उभी. "तुमच्या पूर्वजांना ट्रेमध्ये ठेवून वाचत जा," असं ती काल म्हणाली. जन्मभर पोथ्या हाताळलेल्या माणसाला खळीत मोरचूद घालावा हे सुचू नये, याचा मी तीव्र निषेध करतो. तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली हा बचाव मान्य होणार नाही.

ग्रंथ बाहेर निघाला तो शेजारच्या बाईंमुळे. वय अठ्ठ्याऐंशी, एकट्या राहतात. त्यांच्या ड्राइव्हवेवरचा बर्फ मी हिवाळाभर फावड्याने उपसतो, म्हणून माझ्या चारित्र्याविषयी त्यांचं मत चांगलं आहे. माझे वडील संस्कृत शिकवायचे हे कळल्यापासून मला त्या 'प्रोफेसर' म्हणतात. मी मार्कहॅमला सॉफ्टवेअर तपासतो, म्हणजे दुसऱ्याच्या कामावर संशय घेण्याचा पगार खातो, हे त्यांना तीनदा सांगून झालं. एके दिवशी त्यांनी घरातलं जुनं बायबल माझ्यापुढे ठेवलं. इंग्रज घरांत म्हणे रीतच असते, बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, लग्नं, मृत्यू लिहून ठेवायचे. "माझे डोळे गेले. तू वाच आणि टाइप कर. नातवाला द्यायचंय."

घराणं इंग्लंडातल्या एका आडगावचं, हातमोजे करणारं. पहिला कातडी कमावायचा. त्याचा मुलगा खिडकीत बसून शिवायचा. नातवाने बाजारपेठेत दुकान काढलं, दारावर पितळी पाटी लावली. पणतू गावचा नगराध्यक्ष झाला, आणि त्याची मुलगी म्हणजे बाईंची आजी, जी पुढे कॅनडात आली. प्रत्येकाला थोरला मुलगा, प्रत्येक थोरल्याला बापाचंच नाव. कुणाचं दिवाळं वाजलं नाही, कुणी दारू प्यायलं नाही. आणि अण्णा, शंभर वर्षांत एकही मूल दगावलं नाही.

इथे मला तुमचा आवाज ऐकू आला. पुराणातल्या राजांच्या याद्या वाचून घेताना तुम्ही ओळीवर बोट ठेवायचात. "वंशावळ फार सुरळीत चालली की थांबायचं. तिथे कुणीतरी हात फिरवलेला असतो." मी थांबलो. अक्षर पाहिलं. चार पिढ्यांचे जन्म, पण वळण एकच, शाई एकच. मग पुस्तकाचं पहिलं पान उलटलं. छापलेलं टोरोंटोत, आणि तेही कातडीवाला मरून कितीतरी वर्षं झाल्यावर. बायकोला म्हटलं, "बाईंचं सगळं घराणं प्रक्षिप्त आहे." ती म्हणाली, "त्यांना सांगू नका." म्हणजे अर्थातच मी सांगितलं.

रविवारी चहाला गेलो तेव्हा आधी बिस्किटं खाल्ली, मग पूर्वपक्ष मांडला. शाई, अक्षर, छापखाना. मला वाटत होतं त्या हादरतील, आणि लाज वाटते सांगायला, पण तसं वाटून थोडं बरंही वाटत होतं. बाईंनी कप खाली ठेवला.

"प्रोफेसर, ते लिहिलं तेव्हा टिपकागद माझ्या हातात होता. दहा वर्षांची होते मी."

त्यांची आजी इंग्लंडातल्या एका अनाथालयातून आली होती. नऊ वर्षांची असताना, बोटीने, इथल्या एका शेतावर कामाला. पत्र्याची ट्रंक, तिच्यावर क्रमांक. आत हातमोज्यांचा एक रिकामा खोका. झाकणावर त्या घराण्याचं नाव आणि 'चार पिढ्यांचे हातमोजेवाले' एवढं छापलेलं. तिची आई तिथे शिवणकाम करत असेल, किंवा खोका कुठे उकिरड्यावर सापडला असेल. कुणाला माहीत? बाकी सगळं आजीने म्हातारपणी एका हिवाळ्यात स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून रचलं.

"पण एकही मूल कसं मेलं नाही?" मी विचारलं. माझी खोड.

"मेलेली तिने पुष्कळ पाहिली होती. तिच्या पुस्तकात तिने नाही मरू दिली." मग त्या हसल्या. "हेही टाइप कर. शेवटी घाल. आणि ट्रंकेवरचा क्रमांक विसरू नकोस. तुमच्यात असतं का असं पुस्तक?"

"असतं. आमच्या शाखेची माहिती वडिलांनी लिहिली."

"मग त्यांनी कुणाला आत घेतलं?"

मी बिस्किट चहात बुडवलं आणि ते चहातच राहिलं. कारण तुम्ही कुणाला आत घेतलं नाहीत, अण्णा. उलट केलंत.

मी दहा वर्षांचा आहे. कुळवृत्तांताची प्रत नुकतीच टपालाने आली आहे, स्वयंपाकघरात खळ शिजते आहे, तुम्ही पाटावर बसून खाकी कागद कापता आहात. आपलं पान काढून मी नावं मोठ्याने वाचतो. आजोबांची अपत्यं: तुम्ही आणि काका. मी म्हणतो, "आत्या कुठंय?" आई पातेल्यात ढवळत राहते. तुम्ही कात्री थांबवत नाही. म्हणता, "पाणी दे." मी पाणी आणतो. परत विचारतो. "अधिकार नसताना पाठात नाक खुपसू नये," म्हणता, आणि इतक्या हळू म्हणता की मार परवडला असता.

आत्या दवाखान्यात नर्स होती. तिथल्याच एका ख्रिस्ती कंपाउंडरशी तिने लग्न केलं होतं. तुम्ही शाळेत गेलात की ती मागच्या दाराने यायची, आईशी तासभर बोलायची, जाताना माझ्यासाठी ग्लुकोजचा डबा ठेवायची. उन्हाळ्यात आई तेच ग्लुकोज तुमच्या लिंबूसरबतात घालायची. दोन हजार वर्षांपूर्वीच्या लेखनिकांवर संशय घेणारा माणूस, पण फळीवर तो डबा दर महिन्याला कुठून येतो, हे तुम्ही कधीच विचारलं नाहीत. तेव्हा मला वाटे तुम्हाला ठाऊक नाही. आता संशय येतो की ठाऊक होतं, आणि सरबत तुम्ही जरा सावकाशच प्यायचात. हा संशय तुमच्या बाजूने आहे की विरुद्ध, ते मला ठरवता येत नाही.

इथवर लिहून मी कव्हरचा भुगा गोळा करून आलो. मूळ मुद्दा टाळायची ही रीत तुमचीच.

कुळवृत्तांताची नवी आवृत्ती निघते आहे. पुण्याहून चुलतभावाने फॉर्म पाठवला: अपत्ये, शिक्षण, विवाह, जोडीदाराचे नाव. तुमची नात विनिपेगला असते. मागच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं, एका मुलीशी. सुनेसारखीच म्हणा, जावयासारखी म्हणा, चांगली मुलगी आहे. मला 'बाबा' म्हणते आणि माझ्या विनोदांना चुकीच्या जागी हसते. मी लग्नाला होतो. केक खाल्ला, भाषण केलं, सगळ्यांच्या आधी रडलो.

फॉर्म मी तीन आठवडे टेबलावर ठेवला होता. चुलतभावाचे दोन फोन आले. "अरे, सगळ्यांची माहिती आली, तुझीच अडली आहे." बाईंकडे जाऊन त्यांच्या आजीची शाई तपासली, त्याच्या आदल्या मंगळवारी मी तो भरून पाठवला. विवाहाच्या रकान्यात, माझ्या बऱ्यापैकी सुवाच्य अक्षरात, 'अविवाहित' लिहिलं. बायकोला सांगितलेलं नाही. छपाईला अजून अवकाश आहे. एक फोन केला तरी दुरुस्ती होईल. रोज सकाळी पुण्यात संध्याकाळ असते, चुलतभाऊ घरीच असतो, आणि मी फोन करत नाही.

हे पत्र तुमच्या खाकी कव्हराच्या घडीत सारून ठेवतो, तिथे आता जागा झाली आहे.

तुमच्या नातीला देवनागरी वाचता येते, अण्णा. मीच शिकवलं, तुमच्या पद्धतीने, ओळीवर बोट ठेवून, जिथे सुरळीत वाटेल तिथे थांबवून. ती एक दिवस आपलं पान काढेल आणि मला विचारेल. मला भीती वाटते ती एवढीच, की मी तिच्याकडे पाणी मागेन.