छताला लागलेला आलेख

४ ऑगस्ट
लेकीच्या, प्रार्थनाच्या, फिजिओथेरपीच्या शिक्षणासाठी साठवलेले पैसे नुसते बँकेत पडून आहेत. पुढच्या वर्षी पुणे. फी आणि हॉस्टेल. फिलोमिना म्हणते, अहो, एफडी करा नि गप बसा. तिला आलेख कळत नाही. मी चोवीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवतोय. रेघ कुठं वळणार हे मला नाही कळणार तर कुणाला? म्युच्युअल फंड स्वस्त झाला की सगळे एकदम घालणार. दुप्पट नाही, पण दीडपट नक्की.

८ ऑगस्ट
हॉलच्या भिंतीवर ग्राफपेपर डकवला. मोबाईलवरच्या चार्टमध्ये जीव नसतो. फंडाचा रोजचा भाव पेन्सिलीने, ट्रेंडलाइन लाल शाईने, टी-स्क्वेअर लावून. हात जराही हलला नाही.

२ सप्टेंबर
भाव कागदाच्या वरच्या कडेला टेकला. यालाच रेझिस्टन्स म्हणतात. आता उतरणार.

५ सप्टेंबर
उतरला नाही. वर दुसरा कागद जोडला.

२१ ऑक्टोबर
तिसरा कागद. चर्चचं कॅलेंडर काढावं लागलं. फिलोमिनाने ते उचलून स्वयंपाकघरात लावलं. आमच्या शाळेतले गणिताचे परवेझ सर चहाला आले. भिंत बघून म्हणाले, सर, कागद तुमचा संपलाय, बाजाराला त्याचं काय? आणि वर्षभरात लागणारी फी इकडं घालूच नका.
गणितवाल्यांना सौंदर्यदृष्टी नसते.

९ डिसेंबर
भाव पडला! म्हटलं होतं. लाल रेघेला टेकला की घेणार. अजून दोन बोटं.

१६ डिसेंबर
रेघेच्या अर्धं बोट वरूनच परत फिरला. रेघ बरोबर आहे. भाव चुकला.

१४ जानेवारी
आलेख छताला लागला. स्टुलावर चढून पुढचा कागद छतावर डकवला. प्रार्थनाने स्टूल धरलं. म्हणाली, पप्पा, पडाल. तिला सांगितलं, जे अडसर फोडून वर जातं त्याला ब्रेकआउट म्हणतात. आजचाच भाव मिळावा म्हणून दुपारी तीनच्या आत सगळे पैसे घातले.

३ फेब्रुवारी
थोडा पडलाय. किरकोळ. मान वर करून बघावं लागत नाही.

२० फेब्रुवारी
पहिल्या कागदावर आला. घ्यायला उत्तम वेळ. माझ्याकडे पैसे नाहीत.

११ मार्च
आणखी पडला. सगळं विकलं. वर्षाच्या आत काढले म्हणून एक टक्का आणखी कापला. रक्कम इथे लिहीत नाही. फिलोमिनाला सांगितलं नाही, पण भिंत तिलाही दिसते.

२ एप्रिल
भाव चढतोय. कागद काढायला घेतले. भिंतीचा रंगही निघाला.

१२ सप्टेंबर
प्रार्थनाचा पुण्यात नंबर लागला. फीपुरते आहेत, हॉस्टेलला नाहीत. फिलोमिना म्हणाली, एफडी केली असती तर हॉस्टेलचंही भागलं असतं. एकदाच म्हणाली आणि भांडी घासायला गेली. ती भांडली असती तर मीही चार शब्द बोललो असतो.
मग प्रार्थना शेजारी येऊन बसली. म्हणाली, पप्पा, मी नगरच्या कॉलेजलाच जाते, आपल्या केडगावहून बस आहेच, मला लई आवडेल. मला फार लाज वाटली. एखाद्या पोराचं चित्र पार बिघडलं की मी त्याला "छान जमलंय" म्हणतो, तिचा आवाज अगदी तसा होता.