सहा कोंबड्यांच्या बदल्या

तीर्थरूप ताई,

तुझ्या धाकट्याचा नमस्कार. वाकून केला आहे असं समज. (खरं तर कंबर धरली आहे. गच्चीचा जिना फार चढावा लागतो. का, ते पुढे येईल.) भाऊजींचा खोकला कसा आहे? मागच्या पत्रात सुचवलेले काढे त्यांनी घेतले असतील तर खोकला गेला असेल. घेतले नसतील तर निदान तोंडाची चव शाबूत असेल. आई बरी आहे. तुझी आठवण काढते, माझ्यावर चिडली की जरा जास्तच. तुझी भावजयही बरी आहे. आणि पत्र उघडल्यावर तू आधी जे शोधणार ते आता सांगतो: तू दिलेल्या सहाही कोंबड्या सुखरूप आहेत.

सुखरूप तर आहेतच, शिवाय आता देशाच्या कामाला लागल्या आहेत. येत्या रविवारी सकाळी आमच्या अन्नखात्याचे संचालक त्यांना भेटायला आपल्या घरी येणार आहेत. ताई, इतक्या वर्षांच्या नोकरीत संचालक माझ्या टेबलापर्यंत कधी आले नाहीत. आता ते आमच्या जिन्याखाली वाकणार आहेत. तिथे त्यांना ताजं अंडं दिसलं की ‘दर घरी सहा कोंबड्या’ ही माझी योजना मंजूर. नाही दिसलं तर शेजारच्या कक्षातल्या अधिकाऱ्यांची योजना मंजूर. ते परदेशातून अंड्यांची भुकटी डब्यांतून आणून गोदामात रचून ठेवणार आहेत. (ऑफिसात त्यांना सगळे भुकटीसाहेब म्हणतात. मी म्हणत नाही. मी फक्त हे नाव पाडलं.) एकीकडे आपल्या माणसांच्या आपल्या कोंबड्या, दुसरीकडे कुठल्याशा बंदरात अडकलेलं जहाज. देशाने रविवारी यातलं काय ते ठरवायचं आहे, आणि देश आपल्या गॅलरीत उभा राहून ठरवणार आहे. ऊर भरून येतो, तो असा.

तुझ्याकडून कोंबड्या आणल्या त्या प्रवासाचं तुला कळवायचं राहिलं होतं. बसमध्ये टोपली मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टरने विचारलं, आत काय आहे. मी म्हटलं, अन्नसुरक्षा. त्याने टोपलीचं झाकण उचलून पाहिलं, आणि तुझी ती ठिपक्यांची कोंबडी बाहेर पडून पुढच्या बाकावरच्या बाईंच्या अंबाड्यावर जाऊन बसली. बाई घाबरल्या नाहीत. त्या नुसत्या म्हणाल्या, “अहो, तुमची अन्नसुरक्षा उतरवून घ्या.” सगळी बस हसली. मीही हसलो, कारण योजनेचा प्रचार इतक्या लवकर सुरू होईल असं वाटलं नव्हतं. (तुमच्या गावच्या बसचा ड्रायव्हर तेव्हापासून मला ओळखतो. भला माणूस आहे.)

ही योजना माझ्या डोक्यात कुठून आली असं भाऊजींनी तेव्हा विचारलं होतं, आणि मी त्यांना आकडे सांगत बसलो. तुला आकड्यांची गरज नाही. लहानपणी आपल्या त्या एका खोलीत आई उकडलेलं अंडं शिवणाच्या दोऱ्याने कापायची, ते तुला आठवत असेल. दोऱ्याने कापलं की बलकाचा कण वाया जात नाही. मग बलकाचा मोठा भाग तू माझ्याकडे सरकवायचीस आणि वर म्हणायचीस, मला नाही आवडत. मला पुष्कळ वर्षं खरंच वाटायचं, ताईला बलक आवडत नाही. योजनेच्या प्रस्तावनेत असलं काही लिहिता येत नाही. तिथे मी ‘प्रथिनांची दरडोई उपलब्धता’ असं लिहिलं आहे. अर्थ तोच.

आता घरच्या व्यवस्थेविषयी. मी तीन ठिकाणी खुराडी केली आहेत: गच्चीत पाण्याच्या टाकीच्या सावलीला, जिन्याखालच्या कोनाड्यात आणि स्वयंपाकघराच्या गॅलरीत. लाकूड पेट्यांचं, जाळी जुन्या खिडकीची, सुतारकाम माझं. (गॅलरीतल्या खुराड्याचं दार आतून उघडतं. कोंबड्यांना ते जमतं, मला नाही.) प्रत्येक ठिकाणी दोन-दोन कोंबड्या नेमल्या. सुरुवातीला अंडी आली. अगदी पहिल्याच दिवशी आलं ते मी दिवसभर खिशात घालून ऑफिसात फिरवलं. पण चार दिवसांत माझ्या एक गोष्ट लक्षात आली. गॅलरीतली मोठी लाल कोंबडी दाण्याचं भांडं अडवून बसायची. दुसरीने चोच पुढे केली की टोच मारायची. कोपऱ्यातल्या गवतावरही तिचाच हक्क. ताई, हे मी ओळखतो. एकाच जागी फार काळ राहिलं की हितसंबंध तयार होतात. त्यावर आमच्या खात्यात एकच उपाय आहे आणि तो आजवर कुणीही चुकीचा ठरवलेला नाही. मी बदल्या सुरू केल्या.

रोज सकाळी ऑफिसला निघायच्या आधी मी आदेश काढतो आणि त्याप्रमाणे कोंबड्या हलवतो. गच्चीवरची एक जिन्याखाली, जिन्याखालची गॅलरीत, गॅलरीतली गच्चीवर. उद्या कुणाशेजारी बसायचं हे कुणालाच आधी कळत नाही, त्यामुळे कुणाची गटबाजी होत नाही. आदेश खुराड्याच्या दारावर लावतो, खाली ‘जनहितार्थ’ असं लिहितो. (लाल कोंबडीने तिचे दोन आदेश खाल्ले. त्याची नोंद मी तिच्या सेवापुस्तकात केलेली नाही, कारण ती तुझी आवडती आहे.) आई पहिल्या दिवशी दारात उभी राहून हे बघत होती. म्हणाली, “बाबा रे, तू पोटात होतास तेव्हा मला कुणी रोज घर बदलायला लावलं असतं तर तूही झाला नसतास.” आईला प्रशासनाचा अनुभव नाही. पण बोलते छान.

या व्यवस्थेचा परिणाम उत्तम आहे. शिस्त आली आहे. सकाळी मी टोपली घेऊन दिसलो की सहाही जणी एकदम उठून उभ्या राहतात. कुणाचाही कशावरही हक्क उरलेला नाही. फक्त अंडी थांबली आहेत.

थांबली म्हणजे तात्पुरती. नवीन पदावर रुजू व्हायला वेळ लागतोच. मी खुराड्यात दिवा लावून पाहिला, शिंपल्यांचा चुरा घालून पाहिला, एकदा समोर पाट टाकून बसून योजनेची प्रस्तावनाही वाचली. ठिपकी ऐकत होती. बाकीच्यांनी डोळे मिटले. (आमच्या मासिक बैठकीतही साधारण हेच प्रमाण असतं.) खाली रस्त्यावर अंडेवाल्याचं दुकान आहे, तो तेवढा छळतो. योजनेच्या आरंभी मी त्याला चारचौघांत सांगून बसलो होतो की यापुढे आमच्या घरात विकतचं अंडं येणार नाही. तेव्हापासून मी रस्त्यावर पाऊल ठेवलं की तो हाक मारतो, “काय साहेब, सुटका झाली का कुणाची?” मी म्हणतो, होईल. तो म्हणतो, “पेढ्यांची तयारी ठेवू का अंड्यांची?” मी शब्द पाळला आहे. कोंबड्या थांबल्यापासून माझ्या ताटात अंडं आलेलं नाही. देशासाठी लोकांनी याहून मोठे त्याग केले आहेत, पण त्यांना बहुतेक सकाळी भूक कमी लागत असावी.

आता संचालक येणार हे ठरलं कसं, ते ऐक. मागच्या आठवड्यात दोन्ही योजनांवर बैठक होती. भुकटीसाहेबांनी टेबलावर बशीत भुकटी मांडली, शेजारी चमचा, शेजारी पांढरा रुमाल. मी कागदांवर भरवसा ठेवणारा माणूस, पण रुमालापुढे कागद फिके पडतात. म्हणून मी ठिपकीला नेलं होतं. (पिशवीतून. रखवालदाराला भाजी सांगितली. तिनेही रखवालदारासमोर तोंड उघडलं नाही, एवढी समज मी माझ्या कारकुनांत पाहिलेली नाही.) मी तिला टेबलावर ठेवलं आणि ‘स्वावलंबन’ एवढंच म्हणालो असेन, तोवर ती सरळ चालत गेली आणि बशीतली भुकटी खाऊ लागली. भुकटीसाहेब उभे राहून म्हणाले, “बघा साहेब! कोंबडीसुद्धा आमचीच भुकटी पसंत करते!” मी म्हटलं, “पसंत नाही करत. तिची वस्तू होती, परत घेतेय.” ताई, संचालक हसले. मग चष्मा पुसून म्हणाले, “रविवारी तुमच्या घरी येतो. तुमच्या कोंबडीचं ताजं अंडं दाखवा, तिथल्या तिथे सही करतो. नाही दाखवलंत तर मग ही बशी आहेच.” बशी तोवर रिकामी झाली होती. ठिपकीला घेऊन मी जिना उतरलो तेव्हा दोन्ही बाजूंनी शिपाई उभे होते. ते नुसते बघायला उभे होते हे मला कळत होतं. तरी मी जरा ताठ चाललो.

तर असं आहे. घर झाडून झालं आहे. जाळीला रंग दिला आहे. ठिपकीच्या पायाचा रंग अजून निघायचा आहे. तुझ्या अंगणातल्या कोंबड्या आणि आपल्या आईचा तो दोरा यांतून निघालेली गोष्ट संचालकांच्या सहीपर्यंत आली आहे, याचा तुलाही अभिमान वाटेल म्हणून एवढं सविस्तर लिहिलं. भाऊजींना नमस्कार. कोंबड्या घेऊन मी निघताना त्यांनी ‘महिन्याभरात परत आणून देशील’ असं म्हटलं होतं, त्याची आठवण त्यांना करून देऊ नकोस.

तुझा,
धाकटा

ता. क. सहज आठवलं म्हणून. शनिवारच्या बसने तुझ्याकडची थोडी अंडी पाठवशील का? तपकिरीच हवीत. धुऊ नकोस. एखाद्याला गवताची काडी किंवा पीस चिकटलेलं असलं तर राहू दे, नसलं तर चिकटव. ड्रायव्हर ओळखीचा आहे, त्याला म्हणावं, औषध आहे. इथल्या दुकानातून आणणं शक्य नाही, ते तुला वर कळलंच आहे.

ता. क. दुसरा. यात फसवणूक नाही. कोंबड्या तुझ्याच, अंडी त्यांच्याच बहिणींची. शिवाय कुठल्याही अन्नसुरक्षा योजनेत राखीव साठ्याची तरतूद असतेच. तरी भाऊजींना सांगू नकोस.

वन्सं, नमस्कार. पत्र पेटीत टाकायला ह्यांनी माझ्याकडे दिलं आहे, म्हणून उरलेल्या जागेत लिहिते. अंडी पाठवू नका. अंडी आहेत. बदल्यांच्या पहिल्या आठवड्यात कोंबड्या दिवसभर इतक्या भांडायच्या की सासूबाईंना आणि मला दुपारी डोळा लागेना. मग हे ऑफिसला गेले की मी सगळ्यांना आपापल्या जुन्या जागी नेऊन सोडू लागले, आणि हे यायच्या आधी पुन्हा ह्यांच्या आदेशाप्रमाणे लावून ठेवू लागले. झोप मिळावी एवढाच हेतू होता. पण त्या गप्प बसल्या, आणि बसल्या त्या रोज अंडी देऊ लागल्या. सासूबाई खातात, मी खाते, खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई बाळंत झाली आहे तिला देते, आणि वरचे मास्तर आजारातून उठलेत त्यांना देते. जिन्याने खाली-वर करून माझीही कंबर गेली आहे, पण योजना चांगली आहे हो, वन्सं. ह्यांना सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ‘नियमात बसत नाही’ म्हणून ह्यांनी ते बंद केलं असतं.

रविवारची काळजी करू नका. त्या दिवशी मी पहाटेच कोंबड्या जागच्या जागी सोडीन आणि अंडी उचलणार नाही. तुम्ही एक करा. मोठ्या बहिणीच्या नात्याने खरमरीत चार ओळी लिहा, की बदल्या बंद कर. माझं ऐकत नाहीत, सासूबाईंना प्रशासनाचा अनुभव नाही, तुमचं ऐकतील.

आज सकाळी मात्र मला राहवलं नाही. एक उकडून ह्यांच्यापुढे ठेवलं. शिंपीणबाईंनी दिलंय, विकतचं नाही, असं सांगितलं. खरंच तिच्याकडून परत आणलं होतं. सगळं खाल्लं, बोटं पुसली आणि म्हणाले, “बरं आहे. पण आपल्या कोंबड्या देऊ लागतील ना, तेव्हा बघ.”