क्लोरीनच्या लेखातला पहारेकरी

मंगळवार संध्याकाळ, विक्रोळी

मराठीतून रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांनो, ऑनलाइन विश्वकोशात आपल्या मुलांना आपल्या भाषेत धड लेख सापडत नाही. वर्गात यावर भाषण मीच ठोकलं, उदाहरण क्लोरीनचं दिलं, मुलं लिहायला बसली, आणि आता मी अडकलेय.

माझ्या वर्गातल्या सायलीच्या लेखात वाक्य आहे, ‘क्लोरीन हा गरिबाच्या हंड्याचा पहारेकरी आहे.’ संदर्भ? ‘मॅडमचं भाषण’.

हे ठेवलं तर तिथले संपादक लेखच उडवतील. खोडलं तर पोरगी पुन्हा लिहील का? फोनवर म्हटलं, "पहारेकरी काढ गं."

"मॅडम, त्या वाक्यामुळेच तर लिहायला बसले ना."

मी फोन ठेवला आणि माझंच भाषण आठवलं.

पहारेकऱ्याला टाळ्या पडल्या होत्या. पुरावा मी तेव्हाही दिला नव्हता.

स्वतःलाच बजावतेय: उद्या ते वाक्य फळ्यावर लिही आणि तिच्यासमोर स्वतःच्या हाताने पूस.