तिसऱ्या पिंपाचं पाणी

प्रिय मोठ्या साहेबीणबाई,

नाही, पिंपं अजून रिकामी केली नाहीत. फोनवर 'हो हो' म्हटलं ते तुझी गाडी सुटत होती म्हणून. आणि ओरडू नकोस, आईवर ओरडण्याइतकी मोठी साहेब तू अजून झाली नाहीस. खाणीच्या ढिगातला दगड तपासायला भरलेली तुझी पिंपं शेडमागे तशीच आहेत. पाऊस नसला की मी वरून झारीनं पाणी घालते, खालच्या नळीतून ते थेंबथेंब डब्यात उतरतं. तुझा रिपोर्ट गेला, तुझं काम संपलं, पण माझ्या हाताची सवय कशी संपणार? तुझे बाबा गेल्यावर रोज उठून विचारपूस करावी असं मला दुसरं आहे तरी कोण? तू तर फोनच उचलत नाहीस.

तूच मला समजावलं होतंस. दगडात चमकणारे कण असतात, त्यांना हवापाणी लागलं की तेजाबासारखं आंबट पाणी सुटतं. पण दगडातच थोडा चुना असला तर तो आंबटपणा गिळत राहतो. चुना संपला की मग दगड आपला खरा रंग दाखवतो. मी म्हटलं, म्हणजे नव्या सुनेशी गोड वागणारी सासूच की! तू पोट धरून हसलीस. मग म्हणालीस, आई, मला अजून वर्षभर थांबून बघायला हवं होतं गं, पण वरचे थांबू देत नाहीत. मग 'दगड निर्धोक' लिहून सही केलीस. मी तिथंच चहा ओतत होते.

परवापासून मला एका जागी बसवत नाहीये. तिसऱ्या पिंपाच्या पाण्यात तू ठेवलेला, आंबटपणा तपासायचा निळा कागद बुडवला तर लाल झाला. वाटलं, माझेच डोळे दगा देतायत. चष्मा पुसला, डबा विसळला, ताजं पाणी धरलं. पुन्हा लाल. बाकीची पिंपं अजून शहाण्यासारखी वागतायत, पण याच्या नळीच्या तोंडाशी तांबूस राप धरलाय. मी सारखी आतबाहेर करते. भाजी करपवली. शेजारीण म्हणते, शेडमागे कोणी भेटायला येतो का गं? म्हटलं, येतो, पण स्वभावानं फार आंबट आहे!

हसले खरी, पण समोरच्या रस्त्यानं तोच दगड ट्रक भरभरून तळ्याच्या बांधाला चाललेला. अख्खी वस्ती त्या तळ्याचं पाणी पिते. प्रत्येक ट्रकाला मी दारात येऊन उभी राहायचे. तुला फोन लावला, तर तू हळूच म्हणालीस, आई, नंतर बोलू, आत माझ्या बढतीचं ठरतंय. आवाज इतका खुशीत होता की मी फोन ठेवून दिला.

तुला कळलं असतं तर तू स्वतःच ट्रक थांबवायला धावली असतीस, माहीत आहे मला. पण आधी याला विचार, त्याला विचार, कागद मागव, तोवर बांध उभा राहिला असता. म्हणून काल मी ते पाणी बाटलीत भरलं आणि तळ्यावरच्या इंजिनिअरकडे गेले. तो म्हणाला, काय आजी, सरबत आणलंत? म्हटलं, प्या की, मी बघते. मग त्याच्यासमोर कागद बुडवला. तरी तो ऐकेना. एका पिंपानं काय होतं म्हणे, साहेबांची, म्हणजे तुझी, सही आहे. तेव्हा मी बोलले. आता ट्रक थांबलेत, आणि आज-उद्या तुला वरून बोलावणं येईल. ते कुणा दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून हे लिहितेय. सही करताना तुझ्याच मनात शंका होती, हे त्याला मी सांगितलं.

तुझीच,
आई